पाण्यातल्या टेकडीवरचं लगीन

माझं माहेर गोदावरीच्या काठचं, आमी जातीनं भोई, मासे धरायचे आन मानसं अल्याडची पल्याड न्यायची, हाच पिढ्यांचा धंदा, मला तर चालाय यायच्या आदी पवाय येत हुतं असं माझी आई सांगायची, खरं-खोटं तिलाच ठाऊक. नाव सुंदरा. मालक माझा लई शांत, दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ, म्हनून घरातलं बोलायचं काम माझ्याकडं आलं. मंग इकडं मुळा नदीचं पानी धरनात अडलं, मासे धरायला मानसं पायजेत असं कळलं, तशी आमची पाच बिऱ्हाडं इकडं आली. बहात्तरचा दुष्काळ पडला ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट सांगते तुमाला, बाई.

आमी आलो तवा इथलं गाव नुकतंच पान्याखाली गेल्तं. मानसं वर माळावर पत्र्याच्या खोपीत ऱ्हायला गेल्ती. देवीचं देऊळ मातूर टेकडीवर, म्हनून तेवढं वाचलं. चारी अंगानं पानी, मधी टेकडी, तिच्यावर देऊळ आन दोन चिंचा. बेटच झालं म्हना ना. लोक माळावरून हात जोडायचे आन परत फिरायचे.

त्या गावात तात्या म्हनून एक मानूस, वय साठीचं, पटका कायम पांढरा धुतलेला. त्यांची एकच लेक, शेवंता. तिचं पारनेरकडं जमलं. एक दिवस तात्या आमच्या खोपीशी आले आन मालकाला म्हनले, महादू, माझ्या बापाचं लगीन त्या देवीम्होरं लागलं, माझं लागलं, लेकीचं बी तिथंच लावायचं हाय, मानसं नेशील का? मालक म्हनला, नेतो. बास. मी आतून ऐकत हुते, हातातलं जाळं तसंच टाकलं आन भाईर येऊन इचारलं, तात्या, किती मानसं? तर म्हनले, पाचशे. म्या म्हनलं, तात्या, आमच्या होड्या तीन, एकीत आठ मानसं, पाचशे न्यायला दिवस मावळंल आन पयल्या खेपेचे उपाशी पडतील. दीडशे न्या, बाकी गावाला आदल्या दिशी माळावर जेवू घाला. तात्या असे तापले! म्हनले, माझ्या लेकीच्या लग्नाला कोन येनार ते भोयाची बायकू ठरवनार व्हय? आन गेले निघून. मालकानं माझ्याकडं बघितलं, मला कळलं का त्याला हसू येतंय.

दोन दिसांनी तात्या परत आले. खाली बसले, पानी मागितलं. म्हनले, सुंदरा, तूच सांग कसं कसं करायचं. मंग काय, मला माझ्याच घरचं लगीन असल्यासारखं वाटाय लागलं.

आता बगा, वैशाखात धरनाचं पानी रोज खाली जातं. उतरलेल्या पान्याच्या जागी गाळ, असा का मांडीपतुर मानूस जाईल. म्हनजे होडी टेकडीला लागनार न्हाई आन मानसाला चालता येनार न्हाई. मी दर चार दिसांनी बांबू घेऊन जायची, खोली बघायची, काठाला खुटी मारून यायची. लग्नाच्या दिशी पानी कुठं आसंल त्याचा अदमास बांधला, तर होडीपसून कोरड्यापतुर पंधरा-ईस पावलं गाळ ऱ्हानार हुता. गाळावर टाकाय फळ्या कुठून आनायच्या? तर तात्या म्हनले, दारं हायती. गाव उठताना लोकांनी घरांची दारं काढून आनली हुती, सागवानी, जड, आन त्या पत्र्याच्या खोपीला ती बसतील कशी, समदी माळावर आडवी पडून हुती. तात्यांनी पयलं आपलं दार दिलं. मंग ज्यानं त्यानं दिलं. एक म्हातारी तर म्हनली, माझ्या दाराला कडी हाय, ती वर ठेवू नगा, कुनाच्या पायाला लागंल.

भटजीचं निराळंच. त्यांनी गोरज मुहूर्त काढला. म्या म्हनलं, काका, दुपार कलली का ह्या पान्यावर वारा सुटतो, सांजच्याला अंधारात परत कोन आननार? भटजी म्हनले, बाई, पंचांग काय वारा बघून चालत न्हाई. म्या म्हनलं, मंग तुमी शेवटच्या होडीत बसा, वाऱ्यात. भटजींनी पंचांगाचं पान उलटलं आन म्हनले, सकाळी साडेधाचा बी मुहूर्त चांगला दिसतोय.

आन व्याही! पारनेरकडून बघाय आले, काठावर उभं ऱ्हाऊन म्हनले, आमच्या एका मानसाचा पाय भिजला तरी वऱ्हाड माघारी न्हेईन. तात्यांचं तोंड उतरलं. मालक म्हनला, न्हाई भिजायचा. त्या म्हयन्यातलं सगळ्यात मोठं बोलनं ते त्याचं.

बुंदी माळावरच पाडली. टेकडीवर फकस्त भात, आमटी, वांग्याची भाजी. सरपन टेकडीवर कुठलं, ते बी न्यायचं, भांडी न्यायची, म्हनून गुऱ्हाळावरच्या दोन काहिली आनल्या, उसाचा रस आटवायच्या, त्या पान्यात सोडल्या का टोपलीवानी तरंगत्यात, त्यात समदं सामान घालून दोरीनं वढत नेलं. जवारीची आठ पोती होडीत घालून आदी नेऊन बघितलं, म्हनलं आठ मानसं किती दाबत्यात ते कळूंदे. आन एक गोष्ट कुनाच्याच डोक्यात आली न्हाई. देवळामागं म्या चार बांबू रवले आन जुनी लुगडी बांधून बायकांसाठी आडोसा केला. तात्यांना इचारलं बी न्हाई, त्यांना काय सांगायचं त्यातलं!

लग्नाच्या दिशी उजाडताच खेपा सुरू. वाजंत्री गेली, सनई पान्यावरून अशी ऐकू यायची का काठावरची म्हातारी मानसं रडाय लागली. नवरा गेला, नवरी गेली, भटजी डोळे मिटून गेले. साडेधा व्हायला आले आन मालकानं पल्याडून हाळी दिली, कोन ऱ्हायलं? ऱ्हायली हुती नवऱ्याची आई. विहीनबाई काठावर बाभळीखाली बसून. भरजरी लुगडं, आन तोंड पांढरंफटक. म्हनली, मी येनार न्हाई, लागू द्या लगीन माझ्याबगार. व्याही पल्याड, त्यांना पत्ता न्हाई. मी जवळ बसले. आवो, काय झालं? तर म्हनली, माझा भाऊ हिरीत बुडून गेला, मी काठावर हुते, आठ वर्साची, तवापसून घागर सुदिक मी दुसऱ्याकडून भरून घेती. आन ही मानसं हसतील म्हनून घरात कुनाला सांगितलं न्हाई आजवर.

भिऊ नगा म्हनून कुनाचं भ्या जातंय व्हय? माझी धाकटी पाच म्हयन्यांची, झोळीत रडत हुती. म्या ती उचलली आन विहीनबाईच्या मांडीवर दिली. म्हनलं, बाई, वल्हं माझ्या हातात हाय, मालक पल्याड हाय, हिला धरायला कोन न्हाई, तेवढी पल्याडपतुर धरा. तिनं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आन उठली. होडीत बसली ती पोरीला अशी छातीशी लावून का मलाच भ्या वाटलं पोर घुसमटंल. पान्याकडं एकदा बी बघितलं न्हाई. पोरीशी बोलत ऱ्हायली, उगी उगी, आलं बगा, आलं. मधी पोरीनं तिच्या जरीवर मुतलं, तर विहीनबाई हसली! म्या म्हनलं, लुगडं भिजलं, आता वऱ्हाड माघारी न्यायचं का? तर म्हनली, त्यांनी पायाचं म्हनलं हुतं, लुगड्याचं न्हाई.

दारांवरनं ती चालत गेली, पोर काखेत. अंतरपाट धरलेला, भटजी घड्याळाकडं बघत. नवरा म्हनला, आये! एवढंच. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, वाजलं.

पन वारा मातूर आमच्या आदी आला. पंगत उठतीय न उठतीय तवर लाटा. मालकानं मान हालवली, म्हनजे होडी सुटायची न्हाई. दीडशे मानसं टेकडीवर. मला धाकधूक, लोक आता तात्यांना बोलतील. तर कसलं काय! भात उरला हुता, सरपन म्या दुप्पट आनलं हुतं, परत आमटीला फोडनी दिली. बायकांनी फुगड्या घातल्या, उखाने झाले. पानी लाटांनी हालाय लागलं तशा कडंच्या जुन्या भिंती दिसाय लागल्या, मानसं एकमेकाला दावाय लागली, ती बग तालीम, त्यो आपला पार. रडनं न्हाई हां, हसत हसत. तात्यांनी व्याह्यांना बोटानं दावलं, ती माझी वसरी. व्याह्यांनी काय करावं? धोतर वर धरलं, वहाना काढल्या, दारांवरनं कडंला गेले आन जुन्या गावाची फरसबंदी वाट हुती तिथनं सरळ गुडघाभर पान्यात उतरून त्या भिंतीपाशी गेले, हात लावला, तोच हात कपाळाला लावला. म्हनले, सुनेचं घर बघायचं ऱ्हायलं हुतं. तात्यांनी तोंड फिरवलं. म्या बी.

दिस कलताना वारा पडला, समदे सुखरूप अल्याड आले. शेवंता निघताना माझ्या पाया पडाय वाकली. म्या म्हनलं, अगं मी भोईन. म्हनली, असूंदे, तुमी लावलं माझं लगीन.

आता तात्या न्हाईत, माझा मालक बी गेला, झाली चौदा वरसं. होडीला आता यंत्र हाय, थोरला चालवतो, मला कुनी चढू देत न्हाई. शेवंताला नातवंडं झालीत, कवा मेथीची जुडी धाडती, कवा शेंगा. मी इथं दारात बसून जाळी शिवती, डोळं हायती तवर शिवीन. एक गोष्ट मातूर मनात ऱ्हाती. ज्या पान्यानं तात्यांचं गाव नेलं त्याच पान्यावर माझी पोरं मोठी झाली. हे बोलायचं धाडस मला तात्यांपाशी कधी झालं न्हाई, आन त्यांनी ते मला कधी बोलून दावलं न्हाई. लई मोठं मानूस. देवी त्यांच्या लेकीला, तिच्या लेकरांना सुखी ठेवो, आन तुमाला बी, बाई, एवढं ऐकून घेतलंत.