दोन्ही डावेच

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू पॅटनसाहेब, तिचा पाय मोडलाय, इकडे बाकावर या. लेक एल्सपेथ गोठ्यात दूध काढतेय, येईलच. तोवर मी आहे की बोलायला—म्हणजे फार बोलायचं नाही अशी तंबी आहे मला. "बाबा, नातीची सोयरीक ठरायचीय, तुम्ही आपलं मेंढ्यांचं बोला." तर मेंढ्या बऱ्या आहेत. झालं माझं बोलून.

काय म्हणालात? या बेटावर कसा आलो? जहाजानं आलो. चालत कोण येणार! पन्नास वर्षं झाली असतील. डंडी बंदर सोडलं तेव्हा धक्क्यापर्यंत पोचवायला पोलीस होते बरोबर—म्हणजे पोलिसांशी ओळख होती हो आमची. भाडं? छे, भाडं कसलं! सरकारलाच फार हौस, मी इकडे यावं म्हणून. जेवण त्यांचं, कपडे त्यांचे, डोईचे केससुद्धा फुकटात भादरून दिले, आणि पायात—

जाऊ द्या. मला खोटं धड बोलताच येत नाही. इतकी वर्षं लेक शिकवतेय, पण डोक्यात राहत नाही. बूट चोरले होते मी साहेब. एकोणीस वर्षांचा होतो, पाय उघडे, बाहेर बर्फ. चांभारानं दारात बूट टांगलेले, उचलले आणि पळालो. बंदरावर हेरिंग माशांच्या पिंपांमागं बसून घालून बघतो तर—दोन्ही डावेच! आता तुम्हीच सांगा, दोन डाव्या बुटांत माणूस जाणार कुठं? मग मी काय केलं? बदलून आणायला गेलो. हसा, हसा. न्यायाधीशही हसला, रुमाल लावून हसला, आणि मग म्हणाला, डूगल रेनी, सात वर्षं समुद्रापार.

भोगली सात वर्षं. सुटल्याचा कागद आहे, पेटीत आहे, दाखवतो हवा तर. त्यानंतर दुसऱ्याच्या मेंढीची लोकरसुद्धा कुंपणाला अडकली तर नेऊन दिलीय मी. पण नातीला, ग्रिझेलला, यातलं काही ठाऊक नाही. पोर तीन आठवडे पडदे शिवतेय, तुमच्या लेकाच्या, ॲलनच्या घराच्या खिडक्यांचं माप घेऊन आलीय. तुम्ही चर्चचे वडीलधारे, पहिल्या ओळीत बसणारे, तुम्ही नाही म्हणालात तर पोर आतल्या आत मिटून जाईल. तेव्हा नाही म्हणायचं तर मला म्हणा. मी लग्नाला नाही येत. वरच्या कुरणात राहीन. कुणी विचारलं तर म्हातारा आजारी म्हणायचं—

बरं, ही ओटची भाकरी घ्या, तव्यावरची आहे, गरम आहे. करतो तुकडे. हां... आता हा कुणाचा?

अहो, तोंड का फिरवलंत भिंतीकडे? राग आला—आणि काय म्हणालात? "डूगलचा"?

पॅटनसाहेब... मी नुसतं सवयीनं विचारलं हो. जहाजाच्या तळाला आम्ही कैदी सहा-सहा जण एका वाट्याला. एकानं तुकड्यावर बोट ठेवायचं, हा कुणाचा? दुसऱ्यानं पाठ करून नाव घ्यायचं, म्हणजे मोठा तुकडा बघून कुणी आपल्या माणसाला देऊ नये. वरच्या मजल्यावर भाडं भरून आलेल्यांना हे कुठून ठाऊक? त्यांना टेबलावर वाढायचे. आणि तुम्ही तर केबिनमधून आलात, कापडाचं दुकान टाकायला—सगळं गाव सांगतं. कानसुद्धा लाल झालेत तुमचे.

कुठलं जहाज?

नका सांगू. बादली वाजली, एल्सपेथ आली बघा. इकडे तोंड करा आधी, सरळ बसा. तिनं विचारलं तर लग्नाची तारीख काढत होतो म्हणायचं, काय? खा आता. गप्प खा.