शहाण्णव खण

जबाब देणार: थोरली बहीण (घरात व कारखान्यात सगळे ‘ताई’ म्हणतात), वय ६१ वर्षे, धंदा: रेडिओ कारखान्यातून निवृत्त, राहणार: वडिलांचे घर, मागची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की, वरील घरात मी, माझा धाकटा भाऊ व भावजय असे तिघे राहतो. माझे लग्न झालेले नाही. एकोणतीस वर्षे मी कारखान्यात सर्किटला सुटे भाग जोडण्याचे काम केले. निवृत्तीनंतर छंद म्हणून घरीच लहानसहान उपकरणे बनवते. खालच्या मजल्यावरील शिंपीणबाईंना ऐकू येत नाही. त्यांच्या दाराची घंटा दाबली की शिलाई मशीनजवळ दिवा लागतो, ते मी करून दिले आहे.

माझ्या खोलीत शहाण्णव छोट्या खणांचे लोखंडी कपाट होते. त्यात रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर वगैरे मापाप्रमाणे लावलेले होते. रेझिस्टर तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा असतो. त्यावर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. पट्ट्यांवरून माप कळते. प्रत्येक खणावर चिठ्ठी होती. मला दिवा न लावताही हवा तो खण सापडत असे. हे सर्व लावण्यास अकरा वर्षे लागली.

मागील महिन्यात भावाने घर एकट्याच्या नावावर करण्यासाठी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. मी म्हणाले, “सही करते, पण मरेपर्यंत ही खोली आणि कपाट माझं. तेवढं कागदात घाल.” तो म्हणाला, “कागदात कशाला? मी काय परका आहे?” डोळ्याचे ऑपरेशन झाले की सही करते, असे मी सांगितले.

दिनांक ४ रोजी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी दवाखान्यात दाखल झाले. दिनांक ६ रोजी दुपारी एक वाजता घरी परत आले. न्यायला कोणी आले नव्हते. कामात असतील. खोलीत कपाट नव्हते. त्या जागी व्यायामाची सायकल होती. कॉटखाली बादली होती. शहाण्णव खणांतले सगळे तिच्यात ओतलेले होते.

मी भावाला विचारले. तो म्हणाला, “एकसुद्धा टाकलेला नाही. निवडत बस, तुला दुसरं काम काय आहे?” भावजय म्हणाली, “डाळ-तांदूळ निवडतोच की आपण.” डॉक्टरांनी मला दीड महिना बारीक काम करण्यास मनाई केली आहे. हे भावाला माहीत होते. दवाखान्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून त्याचीच सही आहे.

मी म्हणाले, “तो हक्कसोडीचा कागद आण.” त्याने कागद आणला, पेनही आणले. मी कागद फाडला. त्यावर त्याने माझा दंड धरून मला दाराबाहेर काढले व आतून कडी लावली. थोड्या वेळाने दार उघडून बादली बाहेर सरकवली. ती कलंडली. जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत भाग सांडले.

मी शिंपीणबाईंची घंटा दाबली. त्यांनी जिना पाहिला. झाडू आणला, मग बाजूला ठेवला आणि हाताने वेचू लागल्या. चार वाजेपर्यंत आम्ही दोघी वेचत होतो.

नंतर ठाण्यात आले. हवालदारांनी विचारले, “बाई, चोरीला काय गेलं?” मी म्हणाले, कपाट. त्यांनी भावाला फोन लावला. कपाट गच्चीवर असल्याचे भावाने सांगितले. “बाकी काय गेलं?” असे हवालदारांनी विचारले. मी म्हणाले, जबाब लिहून घ्या.

साडेपाच वाजता भाऊ ठाण्यात आला. “ताई, लोकांत हसं नको. सही कर, उद्याच कपाट खाली आणतो,” असे म्हणाला. मी सही करणार नाही. घरातील माझा अर्धा हिस्सा मला वेगळा हवा आहे. भावाला अटक व्हावी असे माझे म्हणणे नाही. त्याच्याशी बोलण्याचीही माझी इच्छा नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे, त्याला घरी जाण्यास सांगावे.

माझ्या डोळ्यावर पट्टी असल्याने हा जबाब मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. लेखनिकाने एके ठिकाणी लिहिलेले ‘किरकोळ सामान’ हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून ‘सुटे भाग’ असे लिहिले. आता तो बरोबर आहे.