भिंतीकडे तोंड करून चहा

तुम्ही खुशाल हसा; कोरियन मालिका मीही पाहते. त्या वेळेवर संपतात, हा त्यांचा एकमेव सद्गुण. नायक मात्र नुसता हात धरायला दहा भाग घेतो. माझी भाची पल्लवी तर त्यांतले शिष्टाचारही उचलते.

तिला पाहायला मेडशीची मंडळी आली. स्थळ हातचे जाऊ नये म्हणून माझी बहीण सकाळपासून देव पाण्यात घालून बसली होती. चहा आला आणि पल्लवीने कप दोन्ही हातांत धरून भिंतीकडे तोंड फिरवले.

मुलाच्या आईने विचारले, "काहून वं, आमचं तोंड पाहावत नाही काय?"

"तसं नाही, मावशी. कोरियात मोठ्यांसमोर असंच पितात. आदर असते तो."

"अगं, ती रीत दारूची आहे," मी हळूच बजावले. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मुलानेही कप उचलला आणि दाराकडे तोंड फिरवले. तोही त्याच मालिकांचा भक्त निघाला!

मुलाचे वडील दोन्ही पाठींकडे पाहत राहिले. मग बायकोला म्हणाले, "होकार देऊन टाक. एकमेकाकडे पाठ करून चहा प्याले आपल्याले पंधरा वर्सं लागली. हे तं लग्नाआधीच शिकून आले!"