अकरा रेडिओंचा डाख

सन्माननीय अध्यक्ष आण्णासाहेब, व्यासपीठावरील थोर मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते रेडिओ दुरुस्तीचे मेकॅनिक मार्तंडराव, शेजारी बसलेल्या सौभाग्यवती प्रेमलावहिनी, आणि वाशी, येडशी, जळकोटाकडून एसटीचे धक्के खात आलेल्या बंधुभगिनींनो,

मी महालिंगप्पा. मूळचा पत्र्याचं काम करणारा. बादल्या, चिमण्या, कंदील जोडणारा माणूस माईकपुढं उभा केलात, ही आपली माया. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही निजामाच्या अमदानीतली. तेव्हा गोड मानून घ्या.

आत्ता मल्लिकार्जुन गुरुजी फार सुंदर बोलले. बोलता बोलता हसत म्हणाले, की मार्तंडरावांचे काही रेडिओ मुके निघाले होते, पण माणूस मात्र बोलका. सभागृह हसलं. मार्तंडरावही हसले. मला काही हसू आलं नाही. खिशात लिहून आणलेलं भाषण आहे, ते आता तिथंच राहू द्या.

सहासष्ट सालची, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रामपंचायतींसाठी नव्या तऱ्हेचे रेडिओ आले. आत काचेचे व्हॉल्व्ह नाहीत, तळहाताएवढी पातळ पाटी, तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि रेघेरेघेवर बारीक बारीक डाख, म्हणजे शिशाचे जोड. ट्रकच्या हिसक्यांनी अकरा संचांचे डाख सैल झालेले. मार्तंडराव एकटे पडले, म्हणून मला हाताखाली घेतलं. डाख द्यायला त्यांनी मला राळ दिली आणि बजावलं, एवढीच वापरायची.

आता मला सांगा, राळ आपण कशाला वापरतो? धुपाला! माझ्या बापानं जस्त विरवलेल्या तेजाबावर जन्मभर डाख दिला. तेजाब लावलं की शिसं कसं लोण्यासारखं पसरतं. बादलीत पाणी भरायचं, गळली नाही की काम पक्कं. मी म्हटलं, हे शिकलेले लोक, यांना काय ठाऊक. ते फिरतीवर गेले की मी तेजाबाची बाटली काढायचो. अकराही पाट्या अशा चकचकीत केल्या, की चिमट्यानं ओढून बघा, तार तुटेल पण डाख सुटणार नाही. माझी छाती फुगली.

श्रावणात हवा दमट झाली आणि एकेक गाव मुकं व्हायला लागलं. वाशीकडच्या धुरपताबाई मार्तंडरावांना चारचौघांत म्हणाल्या, "मेस्तरी, तुमी आलाव की ह्यो दोन दीस बोलतो, मग रुसतो. सासरी नांदाया आणलाय का ह्याला?" गाव हसलं. मी त्यांची पिशवी धरून मागं उभा होतो.

शेवटी त्यांनी एक पाटी उन्हात धरली. डाखाभोवती हिरवं जंगाल चढलं होतं, तांब्याची रेघ मधोमध खाल्लेली. मग हळूच विचारलं, "महालिंगप्पा, तेजाब?"

मी म्हणालो, "व्हय."

मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, "चला, अकरा गावं आहेत."

मंडळी, नवा डाख देणं सोपं, जुना निस्तरणं अवघड. जंगाल खरवडा, पाटीवर राहून तांबं खाणारं तेजाब स्पिरिटनं पुसा. डाखाची तापलेली सळई जरा जास्त टेकली की तांब्याची रेघ कांद्याच्या पापुद्र्यासारखी उचलून येते. माझ्या हातून तशा दोन गेल्या. तिथं केसाएवढी तार टाकून रेघ कशी सांधायची, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. सव्वा महिना लागला. एकदाही आवाज चढवला नाही.

तेवढ्यात वर तक्रार गेली आणि चौकशीला साहेब आले. मार्तंडरावांना औरंगाबादला मोठी जागा मिळायची होती. साहेबांनी विचारलं, हे काम कोणाचं? मी त्याच खोलीत होतो. मार्तंडराव म्हणाले, "माझ्या देखरेखीखाली झालंय. जाब मला विचारा." आणि मी? मी जमिनीकडं बघत बसलो. मला वाटलं, नाव निघालं तर पुन्हा बादल्या जोडत बसावं लागेल. जागा दुसऱ्याला गेली. मेकॅनिक म्हणून आले, मेकॅनिक म्हणूनच आज निवृत्त होतायत.

मार्तंडराव मला खुणेनं खाली बसा म्हणतायत. अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटं.

प्रेमलावहिनी, त्या दिवाळीत मी तुमच्याकडं फराळाला आलो होतो. तुम्ही विचारलंत, "भावजी, ह्यांच्या हातून असं काम कसं झालं हो?" मी चकली मोडत बसलो. बाहेर पडल्यावर मार्तंडरावांना विचारलं, घरीसुद्धा सांगितलं नाहीत? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्हाला चहा देताना तिला जड गेलं असतं."

वहिनी, त्यांच्या हातून ते झालंच नव्हतं. ते माझ्या हातून झालं. तीन वर्षं तुमच्या घरचा चहा मी प्यालो आणि गप्प राहिलो. यापुढं नाही मिळाला, तर तक्रार करायला मला तोंड नाही. आणि त्या अकरा गावांची जी मंडळी इथं आहेत, त्यांनी परत गेल्यावर पारावर एवढं जरूर सांगावं, की डाख महालिंगप्पानं बिघडवला होता आणि मार्तंडरावांनी तो नीट केला. गुरुजी, तुम्ही शाळेतही सांगा.

मार्तंडराव, तुम्हाला आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणं ऐकून घेतलं, त्याबद्दल हात जोडतो. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं. बाकीची माफी मला या दोघांकडं मागायची आहे. ती द्यायची की नाही, हे त्यांनी सावकाश ठरवावं.