नाकाची सावली डावीकडे, कानाची उजवीकडे

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट वर्षं, धंदा शिवणकाम, राहणार कापड गल्लीत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या वरचा मजला. ओळखीचे लोक मला टेलरबाई म्हणतात. आज गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आणि पुरवणी जबाब देते की,

माझे पती, वय सत्तर, पूर्वी धंदा फोटोग्राफर, सोमवारी सकाळी दहा चाळीसला घरातून निघून गेले, ते अजून आलेले नाहीत. ती तक्रार मी त्याच दिवशी दिली आहे. दीड वर्षापासून त्यांना आठवण राहत नाही. मी कोण हे त्यांना दिवसातून दोनदा सांगावं लागतं. पण कोणी समोर येऊन बसलं की 'हनुवटी जरा खाली' हे मात्र बरोबर सांगतात. सोमवारी मी मशीनवर होते. गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून दाराची कडी मी लावली नव्हती. हे पहिल्या तक्रारीत सांगायचं राहिलं, ते आता लिहून घ्यावं.

साहेबांनी त्यांचा अलीकडचा फोटो मागितला होता. तो नव्हता. चाळीस वर्षं लोकांना समोर बसवलं, स्वतः कधी बसले नाहीत. ओळखपत्रावरचा फोटो बावीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यातल्या सुरकुत्या त्यांनीच ब्रशने घालवलेल्या आहेत. माझा मोबाइल बटणांचा आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा, वय एकतीस, यंत्राकडून चित्रं काढून घ्यायचे क्लास घेतो. यंत्राला काय हवं ते शब्दांत लिहून द्यायचं, त्याला तो प्रॉम्प्ट म्हणतो. मंगळवारी दुपारी दोन वाजता तो लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, मावशी, तू नुसतं वर्णन कर, काका तुझ्या डोळ्यांसमोर उभे करतो. बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मी पाऊण तास वर्णन केलं. त्याने काय लिहिलं ते मी वाचलं. 'तेजस्वी वृद्ध गृहस्थ, भावपूर्ण डोळे, अनुभवी चेहरा, सिनेमासारखा प्रकाश, अत्यंत सुबक, सर्वोत्कृष्ट दर्जा.' माझ्या सांगण्यातला 'वृद्ध' एवढा एकच शब्द त्यात होता. वर मलाच अक्कल शिकवली, की यंत्राला मोजमापं द्यायची नसतात, वातावरण द्यायचं असतं. माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन 'झकास शिवा' म्हणालं तर मी टेप काढते. झकास म्हणजे किती इंच ते सांग, असं मी विचारलं, तेव्हा तो पाणी प्यायला उठला.

मी हट्ट धरल्यावर त्याने माझं थोडं थोडं लिहिलं. चष्मा घालत नाहीत, असं लिहिलं तर चष्मा आला. अजिबात चष्मा नको, असं लिहिलं तर एक डोळ्यांवर आला आणि एक खिशात. भाचा म्हणाला, जे नको ते यंत्राला सांगायचंच नसतं, नाव घेतलं की ते काढतं. मग आधी कशाला लिहिलंस डोंबल, असं मी म्हटलं. वरचा पुढचा दात नाही असं सांगितलं तर अख्खी बत्तिशी आली. उजवा खांदा दीड इंच उतरलेला, तर दोन्ही खांदे पट्टी ठेवून आखल्यासारखे. सव्विसावं चित्र आलं तेव्हा भाचा स्वतःवरच खूष झाला आणि हेच फायनल म्हणाला. ते बँकेच्या जाहिरातीतले कोणी आजोबा होते.

त्या चित्राला मी हो म्हटलं. का म्हटलं, असं हवालदारांनी आता विचारलं. चित्रातला माणूस पोटभर जेवलेला दिसत होता, आणि मला ओळखत असल्यासारखा बघत होता. दुसरं काही कारण नाही.

बुधवारी सकाळी आठपासून भाच्याने आणि त्याच्या क्लासच्या लोकांनी त्या चित्राचे दोनशे कागद गावभर चिकटवले. दुपारी चार वाजता दोन तरुण एका निवृत्त मुख्याध्यापकांना दोन्ही दंडांना धरून माझ्या दारात घेऊन आले. गृहस्थ फार चिडले होते. दिसायला मात्र थेट कागदासारखे. मी माफी मागितली. जाताना त्यांनी एक कागद मागून घेतला, फोटो चांगला आलाय म्हणाले. भाच्याला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, बघ मावशी, प्रॉम्प्ट किती अचूक आहे. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आज सकाळी पावणेनऊला मी मोठ्या बस थांब्यावर गेले. तिथे किल्ल्या करून देणारा बसतो, वय अंदाजे पन्नास. त्याच्या टपरीच्या शेजारच्या भिंतीवर कागद आहे. असा माणूस पाहिला का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला. मग आपणहूनच हसत म्हणाला, काल अकराला एक वल्ली मात्र आली होती. एक म्हातारा वीस मिनिटं या कागदासमोर उभा राहून त्याच्या चुका काढत होता.

कोणत्या चुका, असं मी विचारलं. किल्लीवाल्याने त्यांचे शब्द सांगितले ते असे: "नाकाची सावली डावीकडे, कानाची उजवीकडे. दोन सूर्य होते काय त्या दिवशी? कोणी बिघडवला हा फोटो?"

मी खाली बसले. किल्लीवाल्याने स्टूल दिलं.

तो पुढे म्हणाला, की त्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून त्यालाही हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. आणि निघताना म्हणाले, "या माणसाला उद्या याच वेळी घेऊन या. मी नीट काढून देतो." किल्लीवाल्याने त्यांना पाणी दिलं आणि जाऊ दिलं. ते बाजाराच्या बाजूला गेले. त्याची काही चूक नाही. कागदावरचा माणूस आणि ते, दोघांत बटणसुद्धा सारखं नव्हतं.

हवालदारांनी वर्णनाच्या रकान्यात 'मध्यम बांधा, वर्ण सावळा' असं लिहिलं होतं. असे रस्त्यात शंभर भेटतात, माझा भाचा असलंच लिहितो. ते खोडून पुढचं लिहावं. छाती छत्तीस, दोन वर्षांपूर्वी एकोणचाळीस होती. बाही डावी तेवीस, उजवी साडेतेवीस. उजवा खांदा कॅमेऱ्याच्या पिशवीने दीड इंच उतरलेला, म्हणून शर्टाला त्या बाजूला आतून गादी आहे, ती हाताला लागते. डाव्या भुवईत बोटाच्या पेराएवढा केस नसलेला भाग. वरचा पुढचा डावा दात नाही. उजव्या हाताची पहिली दोन बोटं फोटो धुण्याच्या औषधांनी पिवळी झालेली. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, कपाळाकडे बघतात, उजेड तिथे कसा पडतो ते. अंगात निळा चौकडीचा शर्ट, खालून दुसरं बटण वेगळं, ते बदलायचं राहिलं आहे.

माझी विनंती अशी. भाचा आज सगळे कागद काढून नवीन सुधारलेलं चित्र लावणार आहे. क्लासमधल्या कोणी चूक दाखवली म्हणून रात्रभर बसून त्याने सावल्या सरळ केल्या, असं बहीण फोनवर म्हणाली. तो सकाळीच खळीची बादली घेऊन बाहेर पडला आहे आणि फोन उचलत नाही. त्याला ठाण्यातून निरोप द्यावा, की बस थांब्यावरच्या त्या कागदाला हात लावायचा नाही. बाकीचे एकशे नव्याण्णव त्याने चुलीत घालावेत. तो एक आहे तसाच, दोन सूर्यांसकट, राहिला पाहिजे. चांगल्या फोटोपुढे माझे पती थांबत नाहीत.

दिलेली वेळ त्यांनी चाळीस वर्षांत कधी चुकवली नाही. आता त्यांच्या लक्षात राहील की नाही, मला माहीत नाही. ते आले तर कोणी दंडाला धरू नये आणि नावाने हाक मारू नये. फोटोग्राफर, असं म्हणावं. त्यांचा जुना कॅमेरा मी पिशवीत आणला आहे. कागदावरचा माणूस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तर त्यांच्यासमोर मी बसेन. कॅमेऱ्यात रोल नाही, हे त्यांना कोणी सांगू नये.

हवालदारांनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. 'मध्यम बांधा' खोडला तिथे माझी वेगळी सही घेतली आहे. आता दहा पस्तीस झाले आहेत, थांबा इथून सात मिनिटांवर आहे, आणि मला अकराच्या आत तिथे पोचायचं आहे.