डाव्या हाताची पेटी

पनवेलच्या वाद्यांच्या दुकानात मी तबला न्यायला थांबलो होतो. पुढे करंजा गावचं एक वयस्कर जोडपं होतं. दुकानदार त्यांच्या ओळखीचा दिसला.

"परेशभाई, पेटी शिकायचं पुस्तक द्या."

"नातवाला का, आनंदाभाऊ?"

"मलाच. उजव्या अंगावरून वारं गेलं. डाव्या हाताचे धडे असलेलं पायजे."

"तसं पुस्तकच येत नाही, भाऊ. डावा हात भात्याला लागतो ना."

"भाता वेणू मारंल."

"मारीन की. बाजूला बसून मारायचा, त्यात काय हाय."

"पण वहिनी, भजनाला बायकांना बसवतात का तुमच्या मंडळात?"

"मंडळात मी कुठं जातोय? तिथं आता निकेश बसतो पेटीवर."

"तुमचाच चेला की. मग त्यालाच बोलवा. डाव्या हाताची बोटं तो बसवून देईल."

"परवा आलता त्यो. ह्ये डोले मिटून पडून रायले."

"वेणू, गप."

"हे बघा, एवढंच आहे. लहान मुलांचं, पहिला भाग. चालेल?"

"चालंल. कागदात नीट गुंडाळा. करंज्याच्या गाडीत मंडळातलं कोन ना कोन असतंच."