पिवळ्या काठाच्या चादरी

(रुग्णालयाची धुलाईखोली. घड्या घालायचं लांब टेबल. जेवणाची सुट्टी झाल्यामुळे बाकीच्या बायका बाहेर गेल्या आहेत.)

चिमणी : नाही, तुमच्या टिपणातलं ते वाक्य पुन्हा वाचा. काल सगळ्यांसमोर वाचलंत ना, तसंच.

अभ्यासक : चिमणीताई, आपण जरा शांतपणे बोलू या का?

चिमणी : मी शांतच आहे. वाचा.

अभ्यासक : "मूल गेलेल्या आईचा हात या धुलाईखोलीत लहान मुलांच्या कपड्यांना लागू देत नाहीत. तसं कुणी बोलून दाखवत नाही, पण मुलांच्या वॉर्डातल्या पिवळ्या काठाच्या चादरी ती यायच्या आत तिच्या कपड्यांच्या ढकलगाडीतून काढून घेतल्या जातात. तो हात इथे अशुभ मानला जातो."

चिमणी : अशुभ. झालं एकदाचं पांढऱ्यावर काळं.

अभ्यासक : मी तुमचं नाव घातलं नव्हतं.

चिमणी : अहो, मोजून चार बायका घड्या घालतो आम्ही इथे. त्यातलं मूल कुणाचं गेलं हे शेंबड्या पोरालाही कळेल!

अभ्यासक : काम सोडायची नोटीस दिलीत म्हणे साहेबांना.

चिमणी : दिली सकाळीच. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. आज मोठ्याच चादरी आल्या असतील, काल चुकून राहिल्या असतील. म्हटलं आपल्या मनाचे खेळ आहेत. पण तुम्ही विद्यापीठातून आलात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आम्हाला बघितलंत, आणि तुम्हालाही तेच दिसलं. मग आता मनाचे खेळ कसे म्हणू?

अभ्यासक : मी चुकले असेन.

चिमणी : असेन?

अभ्यासक : कसं सांगू... किती चादरी धुतल्या, किती फाटल्या, हे मोजायला दुसरी माणसं आहेत. मी बघते ते वेगळं. माणसं एखादी गोष्ट करतात, तिचा त्यांच्या लेखी अर्थ काय, हे मला समजून घ्यायचं असतं. चादरी काढतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. अशुभ हा अर्थ मात्र मी लावलेला. मी विचारलंही होतं का काढता म्हणून. "असंच करतो आम्ही," एवढंच उत्तर मिळालं.

चिमणी : आणि मला का नाही विचारलंत?

अभ्यासक : धीर झाला नाही. वाटलं, तुमच्या दुःखाला उगाच कशाला हात घाला.

चिमणी : वा! म्हणजे तुम्हीही माझ्या गाडीतून चादरीच काढल्यात की.

अभ्यासक : हो. तसंच झालं ते.

चिमणी : कोण आहे दारात? आक्का, आत या ना. चोरासारख्या उभ्या काय राहिलात?

आक्का : डबा विसरले होते. कानावर पडलं.

चिमणी : बरं झालं पडलं. या टेबलाच्या तुम्ही मुकादम. तुमच्या शब्दाबाहेर इथे साधी पिशवी हलत नाही. आता तुम्हीच सांगा, माझ्या गाडीतल्या चादरी कोण काढायला लावतं?

आक्का : मी.

चिमणी : ऐकलंत, ताई?

आक्का : ऐकायचं असेल तर पुरतं ऐक. कामावर परत आलीस तो दिवस आठवतोय तुला? पिवळ्या काठाची चादर हातात आली आणि तू गोठलीस. शेजारी इस्त्रीचा तापलेला रोलर फिरतोय, वाफ अंगावर येतेय, तुला कशाची शुद्ध नाही. त्याच वॉर्डात गेलं ना गं तुझं बाळ! मी सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून ही चादर हिच्या वाटेला जाता कामा नये.

चिमणी : मग मला सांगायचं होतं!

आक्का : काय सांगायचं? तुझं बाळ गेलं म्हणून तुला ह्या चादरी देत नाही? जखमेवर मीठ चोळायचं?

चिमणी : मीठ परवडलं असतं, आक्का. मी घरी जाऊन स्वतःचे हात बघत बसायची. बहिणीच्या पोराला जवळ घ्यायचं सोडलं मी. वाटायचं, एवढ्या बायकांना कळतंय म्हणजे असेल काहीतरी या हातात.

आक्का : अगं बाई...

अभ्यासक : आक्का, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?

आक्का : तुम्ही विचारलंत तेव्हा ही पलीकडेच उभी होती. हिच्या देखत काय बोलणार?

अभ्यासक : मग ते वाक्य आजच काढते. तिथे लिहिते की ही सगळी माया होती.

आक्का : थांबा. तेही लिहू नका.

चिमणी : का?

आक्का : कारण तेही पुरतं खरं नाही. तू सावरलीस हळूहळू. एकदा हसलीसुद्धा. बाकीच्या म्हणाल्या, आक्का, आता देऊ या हिला पहिल्यासारख्या चादरी. मीच नको म्हटलं. त्यांना सांगितलं, अजून झेपायचं नाही हिला.

चिमणी : का म्हणून?

आक्का : सुनेला दिवस गेले होते.

चिमणी : मग?

आक्का : आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता तिचा. मनानं घेतलं माझ्या. तू घडी घातलेली बाळाची चादर मी उचलणार, आणि तोच हात घरी जाऊन तिच्या पोटावर ठेवणार. वेडेपणा आहे, कळतं मला. पण भीतीला कुठे कळतं? तुझ्यासमोर उभं राहून घडी घालायचंही टाळायला लागले. हाताला हात लागतो ना. तुझ्या लक्षात आलं नसेल.

चिमणी : आलं होतं.

आक्का : तेव्हा ताई, तुमचं ते वाक्य माझ्यापुरतं खरं आहे. बाकीच्यांच्या माथी मारू नका. त्या बिचाऱ्या अजून मायेनंच काढतात.

अभ्यासक : आणि मी तुम्हा सगळ्यांना मिळून एकच मन धरून बसले होते.

चिमणी : दोन्ही लिहा. आणि मला काय वाटायचं, तेही लिहा.

अभ्यासक : सांगाल मला?

चिमणी : सांगेन. आज नाही. आक्का, सून कशी आहे?

आक्का : बाळंत झाली.

चिमणी : कधी?

आक्का : पंधरवडा झाला. मुलगी आहे.

चिमणी : पंधरवडा! आणि इथे कुणी चकार शब्द काढला नाही?

आक्का : मीच बजावलं होतं सगळ्यांना.

चिमणी : ते मायेनं की भीतीनं?

आक्का : खरं सांगू? मला आता ते वेगळं करून सांगता येत नाही गं.

चिमणी : बऱ्या आहेत ना दोघी?

आक्का : बऱ्या आहेत. पोरगी घर डोक्यावर घेते नुसती.

चिमणी : रडू दे. रडतंय तोवर बरं असतं. माझ्या बाळाचा आवाजच बंद झाला होता शेवटी.

आक्का : नोटीस मागे घे, चिमणे.

चिमणी : नोटिशीचं बघू मग. मला एकदा तिला बघायचंय. आत नाही येणार मी. दारातूनच बघेन.

आक्का : दारातून नको. आत ये. मांडीवर घे तिला.